ब्रेकबाई मागे बसल्या

ब्रेकबाईंचा उजवा पाय कधी रिकामा बसत नसे. टीव्हीवर कुणी न बघता रस्ता ओलांडला की तो फरशीवर दाबला जाई. बसमध्ये दाबला जाई, दुसऱ्याच्या गाडीत तर हमखास. एकदा दाढ काढायला त्यांना खुर्चीवर आडवं केलं होतं. डॉक्टरांनी पक्कड पुढे आणली आणि बाईंनी ब्रेक मारला. डॉक्टर म्हणाले, "बाई, मी काही थांबणार नाही."

बाई गाडी चालवायला शिकवत. गाडी एकच, पांढरी, छपरावर शिकाऊची पाटी. शिकणारा उजवीकडे, बाई डावीकडे, आणि बाईंच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. पायाखालून म्हटलं तरी चालेल. समोर सगळे त्यांना 'बाई' म्हणत, मागे 'ब्रेकबाई'. बाईंना दोन्ही माहीत होतं.

त्यांची एक पद्धत होती. शिकणाऱ्याची चूक दिसली तरी त्या लगेच ब्रेक दाबत नसत. एक श्वास घेत. तेवढ्या श्वासात शिकणारा घाबरायचा आणि त्याचा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागायचा. श्वास संपेपर्यंत पाय पोचला नाही, तरच बाईंचा पाय खाली जायचा. "भीती वाटू द्यावी लागते," त्या म्हणत. "डोक्यातली भीती पायात उतरली, की माणूस शिकला."

आता बाई थकल्या होत्या. तोच चौक, तोच चढ, तीच पाण्याची टाकी, आणि दर महिन्याला नवा माणूस तीच जुनी चूक घेऊन हजर. उजवा गुडघा सुजायचा. संध्याकाळी शेवटच्या माणसाला सोडून त्या घरासमोर गाडी लावत आणि आतच बसून राहत. उतरायचं म्हणजे गुडघा वाकवायचा. तो सरळ केला की पुन्हा वाकवायचा. शेजारपाजारचे म्हणत, बाई गाडीत विचार करत बसतात. बाई कसलाही विचार करत नसत.

त्यांची लेक अशी बसलेली आई बघत लहानाची मोठी झाली. लहानपणी ती गाडीच्या गरम बॉनेटवर अंगाचं मुटकुळं करून झोपायची, म्हणून तिचं नाव मनी पडलं. आता मनीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती, लायसन्स हातात होतं, आणि गावाबाहेरच्या दुधाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत नोकरी लागली होती. काम पहाटे सुरू होणार. पहिली बस त्यानंतर सुटणार.

"दूध काय बसची वाट बघत बसणार आहे?" मनी म्हणाली. "आई, गाडी लागेल."

"बघू या."

"बघू या म्हणजे हो की नाही?"

"बघू या म्हणजे बघू या."

मनीचे वडील बोटीवर स्वयंपाकी होते. वर्षातून एकदा घरी येत. फोनवर ते म्हणाले, "तुला गाड्यांतलं कळतं, मला कांद्यातलं. तू म्हणशील ती घ्या." झालं. निवड बाईंवर आली. नोकरी नव्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून होती.

गाड्या बघायला बाईंचा धाकटा भाऊ बरोबर येई. त्याचं रंगाचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत होतं. मनीला हा मामा आवडायचा, कारण तो असला की आईला बोलावं लागत नसे.

पहिली गाडी पिवळी होती. मनी तिच्याभोवती नुसती घिरट्या घालत होती.

"नको," बाई म्हणाल्या.

"अगं, अजून दार उघडलं नाहीस!"

"पुढच्या काचेच्या कडेचा खांब बघ केवढा जाड आहे. त्याच्याआड सबंध सायकलवाला लपेल."

दुसरी मामाने शोधली होती. जुनी, अवाढव्य, रणगाड्यासारखी. "गाडी म्हणजे लोखंड पाहिजे लोखंड," मामा तिच्या दारावर थाप मारत म्हणाला. "हिला कुणी धडकलं तर त्याचाच चुरा होईल."

"आणि ही कुणाला धडकली तर?"

मामाने थाप मारलेला हात खिशात घातला.

तिसरीचं इंजिन धुऊन लख्ख केलं होतं. "एवढं धुतलंय म्हणजे काहीतरी पुसलंय," बाई म्हणाल्या. चौथीचा ब्रेक लिबलिबीत लागला. पाचवी मनीला आवडली, मामाला आवडली, विकणाऱ्याच्या आईने लिंबू सरबतसुद्धा दिलं. बाई शेजारच्या सीटवर बसल्या, पायाखालची चटई त्यांनी बुटाच्या टोकाने जरा सरकवली, आणि उतरल्या. "नको."

"आता काय झालं?" मनी म्हणाली.

"मनाला येत नाही."

"ताई, नवरदेव निवडतेयस की गाडी?" मामा म्हणाला. "तुला काय हवंय, ते तरी सांग. मी रंग बनवणारा माणूस आहे, मिसळून देतो."

काय हवंय ते बाईंनी कुणालाच सांगितलं नाही. पण प्रत्येक गाडीत त्या डावीकडे बसत आणि पायाशी बघत. तिथे चटई असायची. नुसती चटई.

एका दुपारी त्या पान्याकडे गेल्या. पाना म्हणजे त्यांच्या गाडीचा मिस्त्री. बोलताना हातातला पाना खाली ठेवत नसे, म्हणून पाना.

"पाना, एक विचारू? कुठल्याही साध्या गाडीला जादा ब्रेक बसवून देशील?"

"देईन की. दुसरी गाडी घेताय शाळेला?"

"मनीच्या गाडीला."

पाना गाडीखालून बाहेर सरकला. झोपल्या झोपल्याच त्याने बाईंकडे बघितलं. "म्हणजे रोज पहाटे तुम्ही तिच्या शेजारी बसून कारखान्यावर जाणार?"

बाईंनी खाली पडलेला एक नट बुटाच्या टोकाने सरकवला.

"आणि सुट्टी होईपर्यंत दुधात पोहणार?"

"तेवढे काही दिवस."

"बाई," पाना म्हणाला, "एवढ्यांना शिकवून मोकळं सोडलंत. माझ्या बायकोला सोडलंत. तिच्यापुढे मनी काय आहे?"

तो हसत पुन्हा गाडीखाली गेला. बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्याला पोटच्या पोरीबद्दल काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने?

महिना संपत आला तेव्हा पोस्टमनकाकांची गाडी विकायला असल्याचं कळलं. काकांनी जन्मभर सायकलवरून पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर हौसेने एक छोटी करडी गाडी घेतली. आता डोळ्यांत मोतीबिंदू. गाडीच्या सीटवर स्वच्छ टॉवेल अंथरलेला, डॅशबोर्डवर धुळीचा कण नाही.

"मी हिला कधी पळवली नाही," काका म्हणाले. "पत्रं वाटल्यासारखीच चालवली. घर आलं, थांबलो. घर आलं, थांबलो."

बाईंनी खांब बघितला, बारीक होता. इंजिनावर साधी, प्रामाणिक धूळ होती. त्यांना नको म्हणायला काही सापडेना. म्हणून त्या म्हणाल्या, "चालवून बघू."

मनी चालवायला बसली. बाई शेजारी. मामा मागे शेंगदाण्यांची पुडी घेऊन ऐसपैस. काका फाटकाशी उभे राहिले.

गाडी छान चालली. मनीचे हात स्टिअरिंगवर हलके होते. आरसा बघत होती, गिअर वेळेवर टाकत होती. कुणीही म्हटलं असतं, आईच्या वळणावर गेली आहे. पाण्याच्या टाकीपासून रस्ता उताराला लागतो आणि उताराच्या तळाशी लाकडाची वखार आहे. मामा मागून म्हणत होता की रंग जरा उदास आहे पण तो बघून घेईल.

वखारीच्या फाटकातून एक ट्रक उलटा बाहेर आला. मागे लांब फळ्या, त्यांच्या टोकाला बांधलेलं लाल फडकं.

मनीने ट्रक बघितला. "ट्रक," असं ती म्हणालीसुद्धा. शांतपणे. तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला आणि हवेत राहिला.

बाईंचा पाय खाली गेला. चटईवर आपटला. खाली काही नव्हतं.

लाल फडकं मोठं होत होतं. मनी त्याच्याकडे बघत होती. बाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडीचं मागचं अंग फिरलं, टायर किंचाळले, शेंगदाणे पुढच्या काचेपर्यंत उडाले. गाडी तिरकी थांबली. फडकं मनीच्या चेहऱ्यासमोर काचेला टेकून हलत होतं.

ट्रकवाल्याला पत्ताच नव्हता. त्याने ट्रक पुढे घेतला, वळवला आणि निघून गेला.

मामाला आधी वाचा फुटली. "या गाडीला ब्रेकच नाहीत! म्हातारा आपल्याला मारायला निघाला होता! चला, सांगतो त्याला."

"मी दाबला होता," मनी म्हणाली.

"नाही दाबलास," बाई म्हणाल्या.

"दाबला, आई."

"पाय वर होता तुझा. मी बघितला."

मनीने पायाकडे बघितलं. पाय अजूनही वरच होता. कुणा दुसऱ्याचा असावा तसा ती बघत राहिली.

"मला वाटलं, थांबेल."

"कशी थांबेल?"

"नेहमी थांबते," मनी म्हणाली.

मामा शेंगदाणे वेचत होता, तो वेचायचा थांबला.

बाईंना सगळं दिसलं. लायसन्सच्या परीक्षेचा रस्ता रिकामा होता, तिथे जोरात ब्रेक मारायची वेळच आली नाही. त्याआधी शिकताना शेजारी त्या होत्या. इतरांसाठी एक श्वास थांबणाऱ्या बाई मनीसाठी कधी थांबल्या नव्हत्या. मनी चालवायची तेव्हा त्या श्वास रोखूनच बसायच्या, आणि रोखलेल्या श्वासात किती थांबायचं ते कळत नाही. कुत्रं दिसलं की बाईंचा पाय खाली. सायकल दिसली की खाली. मनीला भीती वाटायच्या आत गाडी थांबलेली असायची. पोरीच्या पायाला कधी काही कळूच दिलं नव्हतं.

हे त्यांना आज कळलं असं नाही. चटया सरकवून बघणाऱ्या बाईंना ते आधीपासून कुठेतरी माहीत होतं.

"एवढ्या लोकांना शिकवलंस," मनी म्हणाली. "आणि मलाच नाही शिकवलंस?"

"हो," बाई म्हणाल्या.

त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून उजवीकडे आल्या, मनीला सरकायला सांगितलं आणि गाडी स्वतः परत आणली. वाटेत त्यांनी ब्रेक दाबून बघितला. चांगला घट्ट होता. दाबला तितकाच लागत होता.

फाटकाशी काका तसेच उभे होते. मामा दार उघडून बाहेर झेपावला. "काका, तुमच्या गाडीचे ब्रेक..."

"ब्रेक उत्तम आहेत," बाई मागून म्हणाल्या. "चूक आमच्याकडून झाली. तुमचा टायर घासला असेल, मी बघून देते."

काकांना काही कळलं नाही. "मग गाडी नको असेल तुम्हाला," ते म्हणाले.

"हवी आहे."

मामाने बहिणीकडे बघितलं. "ताई! आत्ता जीव घ्यायला निघाली होती, ती?"

"तिने काही केलं नाही. आपण जे करत होतो, ते तिने दाखवलं. बाकीच्यांच्यात ते कळलं नसतं."

"कळायला काय, त्यांच्यातही जादा ब्रेक नव्हताच की."

"नव्हता," बाई म्हणाल्या. "म्हणूनच नको म्हणत होते."

मनी गाडीतच बसून होती. काच खाली करून ती म्हणाली, "मला नकोय गाडी. मी नोकरीला नाही म्हणून सांगते."

बाई काचेपाशी वाकल्या. गुडघा कुरकुरला. "सांग हवं तर. पण उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. मग सांग."

सकाळी ते तिघे करडी गाडी घेऊन बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात गेले. मोठं मोकळं आवार, फुटका सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना खांब. मामाने दुकानातून रंगाच्या डब्यांचे रिकामे खोके आणले होते. बाईंनी त्याला काम समजावलं. त्याने एका खांबाआड लपायचं, आणि गाडी जवळ आली की खोका समोर फेकायचा. कधी फेकायचा, कुठल्या खांबाआडून, ते त्याचं त्याने ठरवायचं. कुणाला सांगायचं नाही.

"म्हणजे मी लहान मूल व्हायचं," मामा म्हणाला.

"तुला जड जाणार नाही."

मनी स्टिअरिंगवर बसली. बाई शेजारचं दार उघडायला गेल्या, हात मुठीवर ठेवला, आणि मग काढून घेतला. त्यांनी मागचं दार उघडलं.

आयुष्यात बाई गाडीत मागे बसल्या नव्हत्या. मागून जग वेगळंच दिसत होतं. मनीची मान दिसत होती, आरशात तिचे डोळे. पाय खाली होते आणि उजवा पाय आत्ताच पुढच्या सीटच्या पाठीला टेकून तयारीत होता. बाईंनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. गुडघ्यातून कळ डोक्यात गेली. पण पाय आता दोन्ही मांड्यांखाली अडकले होते. कुठे जाऊ शकत नव्हते.

"तू तिथे काय करतेयस?" मनीने आरशातून विचारलं.

"बसलेय. चल."

पहिला खोका आला. मनीने तो चिरडला. सपाट.

बाईंच्या तोंडून हूं की चूं आलं नाही. मांडीखाली पाय धडपडला, एवढंच.

"बोल ना काहीतरी!"

"पुन्हा."

दुसराही गेला. तिसऱ्या वेळी मनीचा पाय ब्रेकवर पोचला, पण खोका चाकाखाली गेल्यावर. तिने स्टिअरिंगवर हात आपटले. "माझ्याने होणार नाही. तू पुढे ये."

"नाही येणार."

"आई, प्लीज."

"मनी, मी फार दमलेय गं," बाई म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. कोणी ऊन पडलंय असं सांगावं तसं म्हणाल्या. "माझा पाय आता सगळ्यांना पुरत नाही. तुझा तू घे."

मनीने सीट जरा पुढे ओढली. मग तिने गिअर टाकला.

गाडी निघाली. बाईंनी एक श्वास घेतला. घेतला आणि धरून ठेवला नाही, सोडला. खांब सरकत होते. पहिल्या खांबाआडून काही आलं नाही, दुसऱ्याआडूनही नाही. मामाला वाट बघायला लावायची अक्कल कुठून आली, देव जाणे. मनीच्या मानेवरची शीर ताठली होती. तिला भीती वाटत होती. बाईंना ती मागून दिसत होती, आणि त्या काही करत नव्हत्या. याच्याइतकं दमवणारं काम त्यांनी आजवर केलं नव्हतं.

खोका आला.

गाडी अशी थांबली की बाई मांडी घातलेल्या तशाच पुढच्या सीटवर आदळल्या. खोका समोर उभा होता, धडधाकट. मामा खांबाआडून बाहेर आला, खोका उचलून बघितला आणि डोक्यावर धरून नाचला.

मनी रडत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि उजवा पाय ब्रेकवर इतका घट्ट की तो तिथून निघेना.

"सोड आता," बाई म्हणाल्या. "आणि पुन्हा."

खोके संपेपर्यंत ते चाललं. सगळे थांबले असं नाही. पण शेवटी शेवटी एकच खोका मामाला पुन्हा पुन्हा फेकता यायला लागला. घरी जाताना बाईंना मांडी सोडवेना. मामाने आणि मनीने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पोत्यासारखं उतरवलं.

"ब्रेकबाई मागे बसल्या," मामा म्हणाला. "गावात सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

"सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "धंदा बसेल."

पहिल्या दिवशी उजाडायच्या जरा आधी मनीने करडी गाडी बाहेर काढली. सीटवर काकांचा टॉवेल तसाच होता, तिने तो काढला नव्हता. "जाते," ती म्हणाली. "येते म्हण," बाई म्हणाल्या. "येते," मनी म्हणाली. बाईंनी आणखी काही सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर सगळंच होतं.

त्या पायरीवर उभ्या राहिल्या. गल्लीच्या टोकाशी चौक आहे. तिथे या वेळी पाववाल्याची गाडी येते, कधी येते, कधी येत नाही. बाईंना तिथली प्रत्येक चूक पाठ होती. गाडी लांब जात छोटी झाली. बाईंचा पाय पायरीवर होता. तो दाबायचं ठिकाण त्यांना नेमकं ठाऊक होतं.

त्या ठिकाणाच्या बऱ्याच आधी दोन तांबडे दिवे पेटले. गाडी हळू झाली, चौकाशी पूर्ण थांबली. रस्ता रिकामा होता. तरी थांबली, उजवीकडे बघितलं असावं, डावीकडे बघितलं असावं. मग दिवे विझले आणि गाडी वळून गेली.

"एवढ्या लवकर कशाला मारायचा ब्रेक," बाई पुटपुटल्या. "लायनिंग झिजतं."

त्या आत आल्या. पहिला शिकणारा यायला वेळ होता. त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि कितीतरी वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की पाय सैल पडलाय.